झाडायला काय लागतं?

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. २०२३च्या ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबरदरम्यान तिथं २४ तासांत २४ रुग्ण दगावले; त्यांत १२ नवजात बाळं होती. देशभर गदारोळ झाला. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील रुग्णालयात आले, तिथलं स्वच्छतागृह बघून संतापले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून ते साफ करवून घेतलं. चित्रफीत घरोघर पोचली. पुढे खासदारांवर ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हाही नोंदवला गेला.

त्या दिवसांत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, बरं झालं, साहेबलोकांनाही कळू दे. दुसऱ्याचं म्हणणं, एवढ्या मोठ्या डॉक्टरचा हा केवढा अपमान! भांडण जोरात होतं, पण हाती झाडू देणं ही शिक्षा आहे, यावर दोन्ही तटांचं पूर्ण एकमत होतं. ज्याचं हे रोजचं काम, तो सफाई कामगार मात्र चर्चेत कुठंच नव्हता. त्या पाळीत किती जण होते, किती शौचालयांमागे एक माणूस होता, नळाला पाणी होतं का, तुंबलेल्या भांड्याची तक्रार करायची तर कुणाकडे, हे प्रश्न बाजूलाच राहिले.

अस्वच्छता दिसली की आपण कुणाचा तरी आळस, माज किंवा संस्कारांचा अभाव शोधू लागतो. हा समज वरवरचा आहे. इमारत आणि तिचं आवार राखणं हे अक्कल लागणारं, वेळ खाणारं, बारमाही काम आहे. सफाई कामगाराचं कर्तव्य घाण उचलण्यावर संपत नाही. इमारत वापरण्याजोगी ठेवणं हे त्याचं कर्तव्य. आणि हे काम इमारतीपासून तोडून, माणसांची डोकी मोजून गुत्त्यानं देऊन टाकलं की ते नीट होऊच शकत नाही, मग झाडू कुणाच्याही हाती द्या.

१. फेस कशाचा येतो?

‘झाडायला काय लागतं? हात असले की झालं,’ हे वाक्य तहसीलपासून महाविद्यालयापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. त्याला जागतिक मान्यताही आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसाय-वर्गीकरणात सफाई कामगार नवव्या गटात येतो, म्हणजे सर्वांत खालच्या कौशल्य-पातळीवर. भारताचं राष्ट्रीय वर्गीकरण त्याच धर्तीवर बेतलेलं. गंमत अशी की, त्याच वर्गीकरणात झाडं जोपासणारा माळी सहाव्या, कुशल गटात जातो आणि त्याच्या हाताखाली बागेत राबणारा मजूर पुन्हा नवव्यात.

आता एक फरशी घेऊ. लातूर-नांदेडकडच्या जुन्या शाळा, कचेऱ्या, ओसऱ्या यांत शहाबादी फरशी असते. हा चुनखडीचा दगड. बोअरचं पाणी इथं जड. त्यातल्या क्षारांचा पांढरा थर नळाखाली, मोरीत, मुतारीत चढत जातो. फडा घासून तो निघत नाही. मग ‘लख्ख करा’ असा हुकूम येतो आणि ॲसिडची बाटली उघडते. ओतलं की फस्सकन फेस येतो, घाण सुटल्यासारखी वाटते. पण त्या फेसात नुसता क्षार नसतो, दगडही असतो. आम्ल चुनखडी खातं. चार-सहा महिन्यांत फरशी खरबरीत होते, खरबरीत फरशीत मळ जास्त धरतो, मळ धरला म्हणून आणखी ॲसिड. टाइल्स असतील तर त्यांच्या सांध्यातलं सिमेंट जातं आणि वरच्या मजल्यावरचं पाणी खालच्या वर्गाच्या स्लॅबमधून टिपकू लागतं. मग वॉटरप्रूफिंगचं अंदाजपत्रक निघतं. ते मंजूर करणाऱ्याला ॲसिडच्या बाटलीची आठवणही नसते.

तीच बाटली ब्लीचिंग पावडरबरोबर वापरली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात तो छातीत भरला की माणूस कोसळतो. सफाई कामगाराला हे कुणी सांगितलेलं असतं का? बहुतेक ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे आधीच्या मावशीनं नव्या मावशीला पहिल्या दिवशी केलेली सोबत. तिला जे ठाऊक, तेवढंच पुढे जातं.

रुग्णालयात तर प्रत्येक कृतीला क्रम आहे. वॉर्डात कोरडा झाडू मारायचा नाही, कारण धुळीबरोबर जंतू उडतात. ओला मॉप फिरवायचा. आधी स्वच्छ जागा, मग घाण. आधी उंचावरचं, मग खालचं. आतून सुरुवात करून दाराकडे यायचं. बादल्या तीन: एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं, तिसरीत जंतुनाशक. मॉप मधल्या बादलीत न खळबळता परत फिरवला तर एका खाटेखालचं दुसऱ्या खाटेखाली जातं. जंतुनाशक ओलं राहायला काही मिनिटं द्यावी लागतात. पेशंटचा नातेवाईक घसरेल म्हणून लगेच कोरडं केलं, तर ते द्रावण फुकट. खाटेचा कठडा, दाराची मूठ, सलाइनचा स्टँड या दिसायला स्वच्छ असणाऱ्या जागा. पण रुग्णालयातले काही हट्टी जंतू कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरतात. शिवाय जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे पिवळा, लाल, पांढरा, निळा असे रंग सांभाळायचे. वरच्यानं चुकून लाल पिशवीत टाकलेली सुई खालच्याच्या बोटात जाते.

या कामाचं मोल आजचं नाही. १८५५च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारचं आरोग्य-पथक तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचलं. त्यानं तुंबलेली गटारं उपसली, हवा खेळती केली, भिंतींना चुना दिला आणि तिथला मृत्युदर झपाट्यानं उतरला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातातला दिवा जगाच्या लक्षात राहिला, गटार उपसणाऱ्यांची फावडी राहिली नाहीत.

‘कुणालाही जमतं’ या समजातली एक विसंगतीही इथं नोंदवायला हवी. काम खरंच कुणालाही जमण्यासारखं आणि सोपं असेल, तर ते पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींकडेच का राहिलं? महाराष्ट्रात लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याची पद्धत आहे. वारसाहक्कानं नोकरी द्यावी लागते, याचा अर्थ शासनालाच ठाऊक आहे की हे काम जन्माला चिकटलेलं आहे. म्हणजे ‘कुणालाही जमतं’ म्हणायचं, पण आपण करायचं नाही.

२. पहिली नजर

इमारतीच्या प्रत्येक कोपऱ्यात रोज जाणारा माणूस एकच. मुख्याध्यापक संडासाच्या मागं जात नाहीत, अभियंता वर्षातून एकदा येतो. गळणारी टाकी, फुगलेला दरवाजा, जिन्याखालची वाळवी, उघडी पडलेली वायर, भिंतीवर चढलेली ओल आधी दिसते ती झाडणाऱ्याला. या दृष्टीनं तो इमारतीचा पहिला निरीक्षक ठरतो. प्रश्न एवढाच की, त्याला दिसलेलं लिहून घ्यायला कुणी बसलंय का.

बहुतेक संस्थांत हजेरीचं रजिस्टर असतं, अंगठा घेणारं यंत्र असतं. कामगारानं काय पाहिलं याची नोंदवही नसते. त्याला तोंडी सांगायचं तर मुकादमाला. मुकादम गुत्तेदाराचा माणूस. गुत्तेदाराचा इमारतीच्या आयुष्याशी संबंध नाही, त्याचा संबंध बिलाशी. निरोप तिथंच मुरतो.

आवाराच्या कामात हे अधिक ठळक दिसतं. मराठवाड्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते. जोत्याला लागून फुलझाडांची रांग लावली आणि रोज पाइप सोडून दिला, तर भिंतीजवळची माती ओली आणि पलीकडची कोरडी राहते; भिंतीला तिरक्या भेगा पडतात. झाड कुठं लावायचं, आळं भिंतीपासून किती दूर करायचं, हे कळणारा माळी हजारो रुपये वाचवतो. गच्चीच्या कठड्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ उगवतो. बोटाएवढा असताना मुळासकट काढला तर काढला. नुसता वरून खुडला तर तो जोमानं फुटतो, आणि दोन पावसाळ्यांत भिंत उकलते. कंधार, उदगीर, औशाचे किल्ले बघणाऱ्यांना मुळ्यांची ताकद वेगळी सांगायला नको.

मृगाच्या आधी गच्चीवरचा पालापाचोळा काढून पन्हाळीची तोंडं मोकळी करणं, गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटणं, दगडांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीनं हलवणं, कारण खाली घोणस असू शकते. ही कामं कॅलेंडरला बांधलेली आहेत. गाजरगवत फुलल्यावर उपटणं म्हणजे बी झटकून पुढच्या वर्षाची पेरणी करणं.

आणि कूलर. लातूरच्या शिकवण्यांच्या भागात बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची वसतिगृहं दाटीनं उभी आहेत; उन्हाळ्यात जवळपास प्रत्येक खिडकीला कूलर. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणजे आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करणं एवढंच हवं. पण हे काम कुणाचं? खोलीभाडं देणारा पोरगा म्हणतो मालकाचं. मालक म्हणतो सफाईवाल्याचं. सफाईवाल्याला सांगितलेलं असतं, ‘जिने आणि संडास.’ लातूर पॅटर्नच्या गुणवंतांचे फलक चौकाचौकांत लागतात. त्यांची टाकी कोण कोरडी करतं, हा प्रश्नही अभ्यासक्रमात यायला हरकत नाही!

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरनं पाण्याची पराकोटी पाहिली. मांजरा धरण आटलं, पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागली, १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. पिण्याच्या पाण्याचा हिशेब सगळ्यांनी मांडला. पण शाळेचं, दवाखान्याचं शौचालय पाण्याविना कसं चालतं? फरशी पुसलेलं पाणी संडासात ओतायचं, भांडी धुतलेलं झाडाच्या आळ्यात सोडायचं, पण जंतुनाशकाचं मात्र सोडायचं नाही. हे ज्ञान टंचाईतच तयार होतं, आणि माणूस बदलला की जातं.

३. कायद्यानं ठरवलेलं ‘अनावश्यक’

झाडलोट गुत्त्यानं देऊन टाकण्याच्या या कलाला कायद्याचा पायाही मिळत गेला आहे. ही कहाणी थोडी लांब आहे, पण सांगण्यासारखी आहे.

१९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यानं एक शहाणी कसोटी दिली होती: काम बारमाही आहे का, आस्थापनेला ते लागतंच का, तिथं कायम कामगार नेमता येतील एवढं ते आहे का? उत्तर ‘हो’ आलं, तर सरकारला तिथलं कंत्राट बंद करता येई. या कसोटीवर इमारतीची झाडलोट बसणारच. ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारनं अधिसूचना काढून आपल्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींत झाडणं, साफसफाई, धूळ पुसणं आणि राखण या कामांसाठी कंत्राटी कामगार लावायला मनाई केली. १९९६मध्ये एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं: कंत्राट बंद झालं की तो कामगार मूळ मालकाचाच. पाच वर्षांनी, ३० ऑगस्ट २००१ रोजी, स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठानं हा निकाल फिरवला आणि १९७६ची अधिसूचनाही रद्द केली. आस्थापनांचा स्वतंत्र विचार न करता ती सरसकट काढली होती, हे कारण.

तरी एक फट उरली. कंत्राट नुसतं कागदोपत्री आहे हे सिद्ध केलं तर कामगाराला कायम होता येतं. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी याच वाटेनं वर्षानुवर्षं झगडून २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत विजय मिळवला. नांदेड-लातूरच्या एखाद्या कार्यालयातल्या चार मावश्यांना ही वाट परवडेल का, हे वाचकानंच ठरवावं.

मग २०२०ची कामगार संहिता आली; २१ नोव्हेंबर २०२५पासून ती लागू आहे. तिनं आस्थापनेच्या ‘गाभ्याच्या कामां’त कंत्राटाला मनाई केली आणि लगेच गाभ्याबाहेरच्या कामांची यादी जोडली. झाडणं, साफसफाई, धूळ पुसणं, कचरा उचलणं, देखभालीची कामं, बागकाम आणि हिरवळीची निगा. आस्थापनाच त्या कामासाठी स्थापन झालेली नसेल, तर ही कामं ‘आवश्यक’ धरायची नाहीत, असं त्यात म्हटलं आहे.

म्हणजे रुग्णालय हे रुग्ण बरे करण्यासाठी असतं, झाडण्यासाठी नव्हे. सबब वॉर्ड झाडणं त्याला आवश्यक नाही. १९७०चा प्रश्न होता, ‘हे काम रोज लागतं का?’ आताचा प्रश्न आहे, ‘तुमच्या पाटीवर हे काम लिहिलंय का?’ जुना प्रश्न इमारतीकडे बघून विचारलेला होता.

२०२३च्या ६ सप्टेंबरला राज्य सरकारनं नऊ खासगी संस्थांमार्फत अतिकुशल ते अकुशल असं सगळ्या थरांचं मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागं घ्यावा लागला. आंदोलन रास्तच होतं. पण अनेक कार्यालयांतलं झाडणं-पुसणं त्याच्या कितीतरी आधी गुत्त्यावर गेलं होतं, तेव्हा एवढा मोर्चा निघाला नव्हता.

४. भत्त्याचा हिशेब

११ डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयानं अनुदानित खासगी माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांतली चतुर्थ श्रेणीची पदं मोडीत काढली. शिपाई, पहारेकरी, सफाईगार, कामाठी, प्रयोगशाळा परिचर, सगळी. आत्ता असलेला माणूस निवृत्त झाला की पद संपलं. त्याच्या बदली शाळेला ‘शिपाई भत्ता’: मुंबई-पुण्यात महिन्याला १०,००० रुपये, इतर महापालिकांत ७,५००, ग्रामीण भागात ५,०००.

नांदेड आणि लातूर शहरांत म्हणजे ७,५००. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज २८८ रुपये. मुखेड किंवा निलंगा तालुक्यातल्या खेड्यातली शाळा असेल तर रोज १९२. २०२४-२५मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २९७ रुपये होता. सरकारनं दुष्काळात दगड फोडणाऱ्यासाठी जी मजुरी ठरवली, त्याहून कमी पैशांत शाळेचं दार उघडणं, वर्ग झाडणं, मुलींचं स्वच्छतागृह धुणं, पाण्याची टाकी भरणं, मैदान राखणं आणि घंटा देणं, एवढं बसवलं आहे.

हा भत्ता अर्धवेळ कामाचा, पूर्ण पगार नव्हे, असा बचाव होऊ शकतो. असेल. पण शाळेची मुतारी अर्धवेळ वापरली जात नाही.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांची कथा आणखी साधी. तिथं शिपायाचं पदच नसतं. समग्र शिक्षा योजनेच्या चौकटीत एकतीस ते शंभर पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये अनुदान आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी, म्हणजे महिन्याला २०८ रुपये. फिनाइल, ब्रश, खराटा, साबण यातच. माणूस धरलेलाच नाही. मग पोरं झाडतात. मुली जास्त झाडतात.

५. सेवा म्हणायची सोय

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे गाडगेबाबा. बाबांनी खराटा हाती घेतला, आपण का घेऊ नये? नांदेडात तर आणखी थोर दाखला आहे. सचखंड गुरुद्वाऱ्यात संगत जोडे सांभाळते, फरशी पुसते, लंगरची भांडी घासते. दिवाळीआधी तख्तस्नानाला गोदावरीचं पाणी घागरींतून आणून तख्त धुतलं जातं. हे पाहून कुणाचंही मन भरून येईल.

पण सेवेची लक्षणं तपासली तर फरक कळतो. सेवा करणारा स्वतः येतो, हवं तेव्हा थांबतो, घरी त्याचा दुसरा उदरनिर्वाह असतो, आणि फरशी पुसल्यानं त्याचा मान वाढतो. सफाई कामगाराला यातलं काहीच लागू नाही. सेवेचा आदर्श त्याच्यासमोर ठेवणं म्हणजे मानधन कमी देऊन त्याला पुण्य देणं. गाडगेबाबांच्या नावानं २०००-०१पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि त्यानं गावांना जागं केलं, हे खरं. तरीही अभियानाला पंधरवडा असतो, बक्षीस असतं, समिती येणार असते. समिती गेल्यानंतरच्या मंगळवारी काय, हा अभियानाच्या हाताबाहेरचा प्रश्न आहे.

झाडं लावण्याचंही तेच. २०१९च्या पावसाळ्यात राज्यानं ३३ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. खड्डा, रोप, फोटो यांचे आकडे ठेवले गेले. पण रोपाला मार्च-एप्रिलमध्ये पाणी घालणाऱ्याची जागा कुठल्या आकृतिबंधात होती?

६. आक्षेप

*‘कायम केलं की काम करत नाहीत.’* हा आक्षेप खोटा नाही. पगारपत्रकावर एकाचं नाव आणि कामावर त्यानं अर्ध्या पैशांत पाठवलेला दुसराच माणूस, हे अनेक नगरपालिकांत लोकांनी पाहिलेलं आहे. पण गुत्त्यानं हा रोग बरा केला का? गुत्तेदारही हजेरीवर वीस आणि कामावर बारा दाखवू शकतो. दोन्हीकडे मोजमाप डोक्यांचं असतं, म्हणून फसवणूकही डोक्यांची होते. मोजायचं ते काम. एका वॉर्डाला सहा शौचकूप, दिवसातून चार वेळा, प्रत्येकी आठ मिनिटं धरली तर १९२ मिनिटं होतात. जवळपास सव्वातीन तास फक्त त्यातच गेले. हा कागद भिंतीवर लागला, तर कामचुकार कोण आणि माणसंच कमी कुठं, हे दोन्ही उघडं पडेल. असा कागद न लागण्यात कुणाची सोय आहे, हेही बघावं.

*‘लोकच घाण करतात.’* करतात. राज्यात २०१२पासून गुटखाबंदी आहे आणि जिन्याचे कोपरे लालच आहेत. पिचकाऱ्या थांबाव्यात म्हणून कोपऱ्यांत देवादिकांच्या टाइल्स बसवल्या जातात, तेही सर्वधर्मसमभाव राखून! पण पुलावरून ट्रक जातात म्हणून अभियंता ट्रकवाल्यांवर रागावत नाही, पूल तेवढ्या भाराचा बांधतो. रुग्णालयात मंजूर खाटांपेक्षा जास्त रुग्ण आणि प्रत्येकाबरोबर दोन नातेवाईक येणार हे माहीत असेल, तर माणसं आणि शौचालयं तेवढी हवीत. प्रबोधन अवश्य करा. पण सफाईचं वेळापत्रक माणसं सुधारतील या भरवशावर आखता येत नाही.

*‘मुलांनी शाळा झाडली तर बिघडलं काय? जपानमध्ये तर...’* जपानच्या शाळांत मुलं वर्ग झाडतात, हे खरं. पण तिथं शाळेची देखभाल करणारा पगारी कर्मचारीही असतो. मुलांनी आपला वर्ग आवरणं हे शिक्षण. पद रद्द करून त्या जागी मुलं उभी करणं ही काटकसर. आणि झाडायला दरवेळी ठरावीक घरांतली मुलंच पुढे केली जात असतील, तर ती जात.

यंत्रं येतील, हा आक्षेप नांदेड-लातूरच्या खरबरीत शहाबादीवर फार वेळ टिकत नाही.

७. कर्तव्याची हद्द

कर्तव्यांची यादी करताना काय करायचं नाही, हेही लिहायला हवं. मे २०२३मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. २०१३च्या कायद्यानं सुरक्षा-साधनांशिवाय कुणाला टाकीत वा गटारात उतरवणं हा गुन्हा आहे. तरीही संस्थांच्या आवारात ‘जरा चेंबर बघून घे रे’ हे वाक्य सर्रास येतं. झाडणारा तो, मग उतरणाराही तोच, हे गृहीतच. इथं ‘नाही’ म्हणणं हे त्याचं कर्तव्य आहे, आणि त्या नकाराबद्दल त्याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढता न येणं ही संस्थेची जबाबदारी.

ज्याला सोमवारी काढता येतं, तो माणूस शनिवारी गळती कळवत नाही, ॲसिड नको म्हणत नाही, टाकीत उतरायला नकार देत नाही. म्हणून नोकरीची हमी हा कामगारावर उपकार नसून कामाच्या दर्जाची अट आहे. कायदा आज ‘गाभ्याबाहेर’ म्हणत असला, तरी स्वतःची माणसं नेमायला तो कुणाला मनाई करत नाही. संस्थेला हवं असेल तर गुत्त्यातही ती माणसं किमान पाच वर्षं त्याच इमारतीवर ठेवण्याची, प्रशिक्षणाची, हातमोजे-बूट आणि नोंदवहीची अट घालता येते.

वाचकांपैकी कुणी शाळा व्यवस्थापन समितीवर असेल, कुणी रुग्ण कल्याण समितीवर, कुणी सोसायटीचा सचिव. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारावेत. एका माणसामागे किती शौचकूप आणि किती चौरस फूट आहे? त्याला दिसलेली गळती तो कुठल्या वहीत लिहितो आणि ती वही कोण उघडतं? त्याच्या हाती पडणारे पैसे भागिले कामाचे दिवस, किती? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत, आणि बैठकीला त्यालाही बोलवावं, खुर्ची देऊन.